त्या वेळच्या रॉनीची खुर्ची

मी एक वेताची खुर्ची बोलतेय. सागवानी हात, सागवानी पाय, मधे वेताची जाळी. मद्रासमध्ये ब्रॉडवेच्या मागच्या गल्लीत एका सुताराने मला बनवलं आणि मैलापुरात एका तंजावरी मराठी कुटुंबाला विकलं. खुर्चीच्या नशिबी काय असतं? लोक येतात, बसतात, उठून जातात. माझ्या नशिबी तेवढंही नव्हतं.

एकोणीसशे सहासष्ट साली ऑस्ट्रेलियाला निघालेला रॉनी विंटरबी नावाचा इंग्रज गायक एक दिवस मद्रासला थांबला होता. चोवीस वर्षांचा, कपाळावर केसांची झालर. त्याची टॅक्सी नेमकी आमच्या दारात बंद पडली. घरच्या आईंनी त्याला आत बोलावलं, काफी दिली. तो माझ्यावर बसला. बारा मिनिटं. मग टॅक्सी सुरू झाली आणि तो गेला.

घरातला मुलगा राघोत्तम तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सिलोन रेडिओवर रॉनीची गाणी ऐकून त्याने अभ्यासाचं वाटोळं करून घेतलं होतं. टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर तो आत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आजपासून इथे कोणी बसायचं नाही."

आईंना वाटलं, दोन दिवसांचं वेड आहे.

त्याला एकोणसाठ वर्षं झाली. राघोत्तमराव मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरीला लागले, तिथूनच निवृत्त झाले. माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत रेशमी दोरी आली. 'विंटरबी रसिक मंडळ' निघालं. दर रविवारी पाच वाजता मंडळी जमतात, तबकडी लावतात आणि माझ्याकडे तोंड करून ऐकतात. रॉनीच्या वाढदिवसाला मला चंदनाचं गंध लागतं, मोगऱ्याचा हार पडतो. पुराच्या वर्षी पाणी घरात शिरलं तेव्हा आधी मला माळ्यावर चढवलं, मग फ्रिज, मग राघोत्तमरावांच्या पत्नी विशालाक्षीबाईंना.

त्यांच्या मुलीला पाहायला गिरीधर आला होता. तो बिचारा दोरी ओलांडून माझ्यावर टेकणार, एवढ्यात राघोत्तमराव असे ओरडले की शेजारचे काठी घेऊन धावत आले. लग्न झालं, सुखाचं झालं, पण जावई या घरात आजही उभ्यानेच जेवतो.

मला मात्र आतून वाळवी लागल्यासारखं वाटायचं. वेताला माणसाचं वजन लागतं. ते मिळालं नाही तर तो वाळतो, ठिसूळ होतो. हे कोणाला सांगणार?

गेल्या मार्गशीर्षात मंडळाच्या चिटणीस हेमावतीअक्का धापा टाकत आल्या. सत्तरी उलटलेल्या, निवृत्त शिक्षिका. "राघू, तो येतोय! प्रवासी जहाजावर म्हाताऱ्यांसमोर गातो म्हणे. जहाज एक दिवस चेन्नई बंदरात आहे. मी पत्र धाडलं होतं, हो म्हणालाय!"

राघोत्तमराव पाणी प्यायले आणि पेला उलटा ठेवून त्यातच पुन्हा पाणी ओतू लागले.

तो दिवस उगवला. अकरा वाजता दारात गाडी थांबली. त्र्याऐंशी वर्षांचा एक वाकलेला माणूस उतरला. टक्कल, हातात काठी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मंडळाचे अकराही सभासद ओळीने उभे होते. कोणी टाळी वाजवेना. हा कोण, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मला हे घर आठवत नाही," रॉनी प्रामाणिकपणे म्हणाला. "ते कोलंबो होतं ना?"

"मद्रास," राघोत्तमराव इंग्रजीत कडक आवाजात म्हणाले. "बारा मिनिटं. काफी."

"मला वाटतं, लिंबू सरबत."

"काफी!" अकरा जणांनी एकदम सांगितलं.

मग त्याला गायला लावलं. आवाज खाली गेलेला, चिरका. दुसऱ्या कडव्यात तो अडखळला, तेव्हा हेमावतीअक्कांनी त्याला हाताने थांबवलं. "तिथे आधी श्वास घ्यायचा. पुन्हा म्हणा." त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकला.

त्याचे पाय थरथरत होते. त्याची नजर माझ्यावर पडली. "मी जरा बसू का?"

"इथे नाही," राघोत्तमराव म्हणाले. "ही रॉनी विंटरबींची खुर्ची आहे."

"मीच तो."

"हो. पण ही त्या वेळच्या तुमची आहे."

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. तेवढ्यात विशालाक्षीबाई काफी घेऊन बाहेर आल्या.

"अय्यो! काय हो हे? थकलं माणूस उभं आणि तुम्ही उगा पाहत राहिलांत?" त्यांनी पेला खाली ठेवला, आतून सुरी आणली आणि माझी रेशमी दोरी कापली. "बसा, अप्पा."

त्याला मराठी कळलं नाही, पण बसा कळलं. तो बसला.

एकोणसाठ वर्षांनी माझ्यावर माणसाचं वजन आलं. मी आनंदाने करकरले आणि त्याच क्षणी जाळी फाटली. रॉनी कमरेपर्यंत आत गेला. गुडघे हनुवटीला, पाय हवेत. श्वास घ्यायला त्याने तोंड उघडलं, आणि पोट दाबलं गेल्यामुळे की काय, असा एक उंच, तरुण सूर बाहेर आला की मंडळी जागच्या जागी थिजली.

तो तबकडीतलाच आवाज होता.

रॉनीलाही नवल वाटलं. त्याने एक ओळ म्हटली. मग अख्खं गाणं म्हटलं, दुसऱ्या कडव्यासकट, बरोबर जागी श्वास घेऊन. हेमावतीअक्का ढसाढसा रडत होत्या. "अजून एक!" मंडळी ओरडली. त्याने अजून तीन म्हटली. चेहरा हळूहळू जांभळा होत चालला होता.

"पोदुम, पुरे! आधी त्यांना काढा!" विशालाक्षीबाई ओरडल्या. "जहाज चारला सुटतं!"

ओढून पाहिलं, तेल लावून पाहिलं. तो निघेना. माझी पुढची पट्टी कापण्यावाचून उपाय नव्हता. "राघू, दोन गाणी होऊ दे, मग काप," कोणीतरी म्हणालं.

राघोत्तमराव रॉनीकडे पाहत होते. पहिल्यांदाच ते माझ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहत होते. "दुखतंय का फार?" त्यांनी विचारलं.

"फार," रॉनी म्हणाला. "पण इतकं चांगलं मी चाळीस वर्षांत गायलो नाही."

राघोत्तमराव आत गेले आणि आंब्याच्या फांद्या कापायची करवत घेऊन आले. त्यांनी डोळे मिटले नाहीत. सावकाश, त्याला खरचटू नये म्हणून मधे आपला डावा हात धरून त्यांनी मला कापलं. त्या हाताला दोन जखमा झाल्या. रॉनी सुटला. त्याचा आवाज पुन्हा खाली, चिरका झाला आणि राघोत्तमरावांनी त्याला मिठी मारली. साडेतीनला तो गाडीत बसला.

आता माझी पुढची पट्टी कडुनिंबाची आहे आणि जाळी नायलॉनची. फाटलेला जुना वेत मंडळाने काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलाय. रविवारी सगळे त्याच्याकडे तोंड करून ऐकतात, आणि माझ्याकडे सगळ्यांची पाठ असते.

परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. राघोत्तमराव माझ्याजवळ आले. "बसू का?" त्यांनी मलाच विचारलं. घाबरत टेकले. मी अजिबात करकरले नाही. तासाभराने ते घोरू लागले, आणि ते घोरणं, खरं सांगते, अगदी बेसूर होतं.

कधी मैलापुरात आलात तर आत या. भिंतीवरची चौकट बघा, हवं तर नमस्कार करा. पण उभ्याने नको हो, बसा.