झाकण उघडून दाखवणारी गाडी

मित्रांनो, मला इंजिन नाही, हॉर्न नाही, तरी सगळे मला गाडीच म्हणतात. मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या एका चिनी रेस्टॉरंटमधली जुनी डिमसमची गाडी आहे. डिमसम म्हणजे वाफवलेल्या, तळलेल्या छोट्या छोट्या पदार्थांचं जेवण. टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं, गरम चहा प्यायचा आणि एकमेकांच्या ताटलीत वाढत खायचं. एकट्याने खायचं ते जेवण नव्हे.

माझं अंग स्टीलचं, पोटात उकळतं पाणी आणि वर बांबूच्या टोपल्यांची उतरंड. माझं एक चाक पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढतं. मला ढकलणाऱ्या लाम आंटी रोज त्यावरून मला बोल लावायच्या. बनवणाऱ्याने चाक वाकडं बसवलं, त्याला मी काय करणार?

माझं काम सोपं होतं. मी टेबलापाशी थांबायचं, लाम आंटींनी एकेक झाकण उघडायचं आणि वाफ बाजूला झाली की माणसांनी आत डोकावून हवं त्याच्याकडे बोट करायचं. कोळंबीची पातळ पारीची डंपलिंग, चिकन भरलेले उघड्या तोंडाचे सिउ माय, कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, तिळात घोळवून तळलेले गोड गोळे. कशाचंही नाव वाचता आलं नाही तरी अडत नसे.

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत मधुमती आजी मला सर्वांत जास्त आवडायच्या. त्या मूळच्या अलिबागच्या. मुलगा रवी आणि सून देवयानी यांच्याकडे राहायला आलेल्या. रविवारी दुपारी हे कुटुंब खिडकीजवळच्या टेबलावर येई. सोबत इथेच जन्मलेली नात सान्वी असे. आजींना इंग्रजी मेनू वाचता येत नव्हता आणि चिनी तर नाहीच. पण त्या एकेका टोपलीत वाकून बघत, नाक मुरडत, लाम आंटींना चक्क मराठीत विचारत, "हे ताजं आहे ना हो?" आंटी त्यांच्या कँटोनीज चिनीत उत्तर देत आणि दोघींचं छान जमे. डंपलिंग पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आपला उकडीचा मोदक! फक्त ह्यांना गूळ-खोबरं सुचलं नाही." कोळंबी मात्र त्यांना मनापासून आवडली. दोन टोपल्या त्यांच्याच असत.

मग एकाच वर्षात दोन वाईट गोष्टी घडल्या. जानेवारीत रेस्टॉरंटने प्रत्येक टेबलावर स्क्रीन बसवला. लोक त्यावर टिचक्या मारून ऑर्डर देऊ लागले आणि मला स्वयंपाकघराच्या दाराशी, कोपऱ्यात उभं केलं. माझ्यावर पार्सलच्या डब्यांचे खोके आले. मी मनातून खचले, खोटं कशाला सांगू? आणि एप्रिलमध्ये मधुमती आजींना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. लिहिणंही गेलं. ऐकलेलं मात्र त्यांना सगळं कळत होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ते चौघं पुन्हा आले. माझ्या कोपऱ्यातून त्यांचं टेबल स्पष्ट दिसत होतं. रवीने स्क्रीनवर बोट फिरवलं. "आईला प्रॉनवाले दोन. तिचं फेव्हरिट आहे."

टोपल्या आल्या. आजींनी त्या बाजूला सारल्या. देवयानीने एक डंपलिंग मोडून चमच्याने पुढे केलं. आजींनी तोंड फिरवलं.

"घरीही हेच," देवयानी म्हणाली. "एग नको, चिकन सूप नको. दोन घास वरणभात, बस. तीन आठवडे झाले, रवी."

"तिने गिव्ह अप केलंय गं," रवी म्हणाला. तो थकलेला होता. "ट्यूजडेला कौन्सिलची बाई केअर होमसाठी आईची असेसमेंट करायला येतेय. तिथे निदान ट्रेन्ड लोक असतील. आपल्याला नाही जमत आता."

हे सगळं आजींच्या समोर चाललं होतं. त्या खाली बघून कागदी रुमालाची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या.

मित्रांनो, मला कारण ठाऊक होतं. दर वर्षी या दिवसांत आजींचं बोट कोळंबीवरून पुढे सरके आणि मशरूमच्या टोपलीपाशी थांबे. "श्रावण आहे," त्या लाम आंटींनाही बजावून सांगत. तेव्हा त्या स्वतः सांगत, म्हणून घरात कोणाला ते लक्षात ठेवावं लागलं नव्हतं. आता त्यांना सांगता येत नव्हतं आणि मी तर जन्माची मुकी. मला रवीचा भयंकर राग आला, पण करणार काय?

तेवढ्यात लाम आंटी चहाची किटली बदलायला गेल्या. भरलेल्या टोपल्या बघून त्या थबकल्या. "नो, नो," त्या रवीला म्हणाल्या. "शी चूजेस. ऑलवेज."

त्या तडक माझ्याकडे आल्या. खोके खाली उतरवले, मला फडक्याने पुसलं, पोटात कढत पाणी ओतलं आणि वर टोपल्या रचल्या. मॅनेजरने हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही. किंवा आली असेल. चाक डावीकडे ओढत होतं. त्या मला सरळ करत टेबलापर्यंत घेऊन गेल्या.

आजींनी रुमाल खाली ठेवला.

पहिलं झाकण उघडलं. कोळंबी. आजी हलल्या नाहीत. दुसरं, चिकन. नाही. तिसरं झाकण उघडलं आणि वाफेतून मशरूमचा वास आला. आजींचं बोट वर आलं. त्यांनी टोपलीतली तीनही डंपलिंग स्वतःच्या हाताने खाल्ली. मग तिळाच्या गोळ्यांकडे बोट केलं आणि तेही खाल्ले.

"मम्मा, बघ! आजीचा भूक गेलाच नव्हता," सान्वी म्हणाली. "ती फक्त व्हेज घेते."

देवयानीचा हात तोंडावर गेला. "अरे रवी, आज तारीख काय? श्रावण चालू आहे!"

रवी आईकडे वळला. "आई, तू श्रावण पाळतेयस?"

आजींनी मान डोलावली आणि त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की लाम आंटींनी मला थोडं मागे घेतलं.

"आणि आम्ही तुला रोज अंडं भरवत होतो," रवी म्हणाला. त्याने खुर्ची आईजवळ ओढली. "आई, मी तुला विचारलंच नाही. ती बाई येणार आहे ना, केअर होमसाठी. तुला जायचंय?"

विचारून तो थांबला. देवयानी काही बोलणार होती, तिला त्याने हाताने थोपवलं. सगळे थांबले. चहा निवला. आजींनी मान हलवली. नाही. मग तेच बोट पुन्हा वर उचललं आणि सान्वीकडे केलं, देवयानीकडे केलं आणि शेवटी रवीकडे केलं. रवी सगळ्यांसमोर रडला.

मी परत कोपऱ्यात आले, खोके परत माझ्यावर चढले. मला पुसा, तेल घाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचं बोलणं गेलं असेल, तर त्यांची आवडनिवडही गेली असं धरून चालू नका. समोर मांडा, विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वाफेने लाम आंटींची बोटं पोळायची, तरी आजी बोट दाखवेपर्यंत त्या झाकण हातात धरून उभ्या राहायच्या.