टॉलिव्हरच्या कोपऱ्यात एक माणूस कमी

राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला आलेल्या ग्रेसन टॉलिव्हरनं दालचिनीचा गोड रोल चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाटीत बुडवून खाल्ला आणि आमचं अख्खं हार्लिंग गाव विरघळलं. आयोवात आम्ही शाळेपासून असंच खातो, बाहेरचा माणूस बघून नाक मुरडतो. यानं मुरडलं नाही. कुणीतरी आधीच पढवून ठेवलं असणार, एवढी साधी गोष्ट माझ्या नवऱ्याच्या डोक्यात शिरली नाही. व्हर्लिननं तीस वर्षं बियाणं विकलंय. गोड बोलून माल कसा खपवतात ते त्याला तोंडपाठ आहे. आणि तोच चर्चच्या हॉलमध्ये माझा दंड धरून म्हणाला, "अर्लिस, हा आपल्यातला आहे."

मी हात वर केला. सरळ विचारलं, "आमच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झालाय. माझ्या मुलीला सातवा सरतोय. आता जवळचा दवाखाना पंचावन्न मैलांवर, आणि रस्त्यावर बर्फ. राष्ट्राध्यक्ष झालात तर याचं काय करणार?"

तो व्यासपीठावरून खाली आला. माझे दोन्ही हात हातात घेतले. "मुलीचं नाव काय?"

"ब्रिटा."

त्यानं डोळे मिटून ते नाव दोनदा उच्चारलं. मग आई, लांबचे रस्ते आणि खिडकीतला दिवा यांवर नऊ मिनिटं बोलला. बायका डोळे पुसत होत्या. मी शाळेची बस चालवते, शेवटचं मूल उतरलं का ते बघितल्याशिवाय दार लावत नाही. त्या नऊ मिनिटांतून माझं उत्तर काही उतरलं नव्हतं.

"त्यानं उत्तर दिलंच नाही," मी गाडीत म्हणाले.

"तू पण ना. सगळ्याला कागद मागतेस. त्याला कळवळा आहे गं."

"कळवळ्यानं बाळंतपण होत नाही, व्हर्लिन."

दुसऱ्याच दिवशी तो आमच्या गावात टॉलिव्हरचा प्रचारप्रमुख झाला. छातीवर बिल्ला, कानाला फोन. जेवताना आम्ही हवापाण्याबद्दल बोलायला लागलो.

उमेदवार ठरवायच्या सभेला तीन दिवस राहिले होते. टॉलिव्हरचं भाषण टीव्हीवर चाललं होतं. ब्रिटा आमच्या सोफ्यावर पाय वर करून बसली होती. तो म्हणाला, "हार्लिंगमध्ये मला अर्लिस नावाची एक आई भेटली. तिच्या ब्रिटाचं बाळ बर्फाच्या रस्त्यावर गेलं. दवाखाना अकरा मैलांवर राहिला होता." एवढं बोलून तो थांबला. किती थांबायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला.

ब्रिटानं पोटावर हात ठेवला. बाळ लाथा मारत होतं, ते मला स्वेटरवरूनही दिसत होतं. मला राग नाही आला, किळस आली. आपल्या भरल्या ताटात कुणी हात धुवावेत तशी.

व्हर्लिन उठून दुसऱ्या खोलीत फोन करायला गेला. मला वाटलं, आता हा टॉलिव्हरच्या माणसांची चांगली खरडपट्टी काढणार. परत आला तेव्हा त्याची नजर गालिच्यावर होती.

"दुसऱ्या गावच्या बाईची गोष्ट होती म्हणे. दोन्ही मिसळल्या. पण लोकांना भिडतेय, तर सभेपर्यंत राहू दे म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बघू."

सभा शाळेच्या जिममध्ये होती. आमच्या पक्षात इथे चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला उमेदवार करायचं त्याच्या कोपऱ्यात सगळ्या गावासमोर जाऊन उभं राहायचं. टॉलिव्हरच्या कोपऱ्यात आमचा दंतवैद्य होता, ग्रंथालयातली जोरीन होती. तिनं तर ब्रिटाला बाळाचे कपडे आणून दिले होते. मी तिला विचारलं, "तुला खरं माहीत आहे ना?"

"तपशील चुकला गं," जोरीन म्हणाली. "भावना खरी आहे."

मी आणि ब्रिटा ज्यांचं अजून ठरलेलं नाही अशांच्या घोळक्यात गेलो. तिला कुणीतरी खुर्ची दिली. मोजणी झाली, सत्याऐंशी माणसं. टिकायला प्रत्येक कोपऱ्यात पंधरा टक्के लागतात, म्हणजे तेरा आणि वर जरासं. नियमात ते जरासं म्हणजे एक अख्खा माणूस. टॉलिव्हरकडे तेरा होते. चौदावा मिळवायला अर्धा तास होता, नाही मिळाला तर त्याचा कोपरा मोडणार होता.

व्हर्लिन जिम ओलांडून आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझं उत्तर त्याला माहीत होतं. तो ब्रिटासमोर गुडघ्यांवर बसला. त्याच्या बिल्ल्यावर टॉलिव्हर हसत होता.

"ब्रिटी, एकच माणूस कमी पडतोय. अर्धा तास फक्त. इतकी मेहनत केलीय मी. तू आलीस तर लोकांनाही कळेल, घरच्यांचा राग नाही."

"डॅड," ती हळूच म्हणाली, "त्या कोपऱ्यात माझं बाळ मेलंय. तुझं नातवंड. तिथं उभी राहून मी हे पोट कुठं लपवू?"

व्हर्लिनचे कान लाल झाले. त्याचा हात बिल्ल्याकडे गेला. काढ, मी मनात म्हटलं. आत्ता काढलास तर तीन दिवसांचं सगळं विसरेन, पुन्हा एका शब्दानंही विषय काढणार नाही.

त्यानं तिरका झालेला बिल्ला नीट सरळ केला.

"कोट घाल ना," तो म्हणाला. "बटणं लावून. लांबून नाही कळायचं."

ब्रिटा माझ्याकडे बघत राहिली. मी खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला, तिला घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. व्हर्लिनचा चेहरा उजळला. बिचाऱ्याला वाटलं, जमलं.

"तू घरी यायला दुसऱ्या कुणाची गाडी बघ," मी त्याला म्हणाले, आणि लेकीचा हात धरून बाहेर पडले.