आधार नसलेले कार्ड

"बाई, 'रोक' आज छापखान्यात गेलाच पाहिजे हं," नव्या संपादिकेने तिसऱ्यांदा दारातून डोकावून सांगितले.

"जाईल हो! घोड्यावर बसून आलात की काय?" बाई म्हणाल्या आणि निवांत चष्मा पुसू लागल्या.

युरोपातल्या भाषांच्या त्या कोशासाठी बाई सत्तावीस वर्षे कार्डे तपासत होत्या. आता हा रोक. शब्द एवढासा, पण थाट पाहावा: झेकमध्ये वर्ष, क्रोएशियनमध्ये मुदत, आइसलँडिकमध्ये सोसाट्याचा वारा आणि डचमध्ये चक्क स्कर्ट! प्रत्येक अर्थाला एक कार्ड, त्यावर त्या भाषेतले एक वाक्य आणि खाली आधार, म्हणजे ते वाक्य कुठे छापून आले त्याची नोंद. आधाराची ओळ कोरी दिसली की बाई कार्ड सरळ टोपलीत टाकत. तिथे कुणाची भीडभाड नाही.

स्कर्टचे कार्ड डिंकरावांच्या अक्षरात होते. बोटांना कायम डिंक, म्हणून हे नाव. सत्तावीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसूनही हा गृहस्थ बाईंशी कार्डांपलीकडे चकार शब्द बोलला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी गेला, तोही सुट्टीच्या दिवशी, जणू कामाचा खोळंबा नको म्हणून.

बाईंनी डच वाक्याचा अर्थ लावला. 'निळा स्कर्ट दाराच्या खिळ्यात अडकला आणि ती स्वतःलाच हसली.'

आधाराची ओळ कोरी.

टोपलीकडे गेलेला बाईंचा हात थबकला. नोकरीचा पहिला दिवस, हेच दार, बहिणीचा मागून आणलेला निळा स्कर्ट. सगळे माना खाली घालून काम करत होते. निदान बाईंना तसे वाटले होते.

मेल्याने एवढे पाहिले, आणि तोंडाला मात्र कुलूप! बाईंना आधी राग आला, मग डोळे भरून आले.

"काही अडलंय का, बाई?"

"डिंकरावांच्या कार्डाला आधार नाही."

"मग टाका टोपलीत. तुमचाच तर नियम."

"आधार आहे," बाई म्हणाल्या, "लिहायचा राहिलाय."

त्यांनी कोऱ्या ओळीवर नोकरीच्या पहिल्या दिवसाची तारीख घातली. पुढे लिहिले, 'घडलेले. साक्षीदार हजर', आणि सही केली. कार्डावर चिकटवलेल्या वाक्याच्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. शेजारच्या टेबलावरची बाटली आणून तो चिकटवला. कार्ड गठ्ठ्यात ठेवताना बोटाला थोडा डिंक लागला. बाईंनी तो पुसला नाही.