डालग्यातली चांतिंग

मित्रांनो, मी एक जुनी चांतिंग आहे. वितळलेल्या मेणाने कापडावर चित्र काढायची लेखणी. बांबूची दांडी, तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला मोहरीएवढ्या तोंडाची तोटी. इमोगिरी गावच्या सुपिनाह आजीने मला चाळीस वर्षं वापरलं. मी मेणाची रेघ ओढायची, कापड रंगात बुडायचं, मेण उकळून निघालं की माझ्या रेघेखालचा पांढरा रंग हसत वर यायचा. दर रेघेआधी आजी तोटीवर हलकीशी फुंकर घाली, म्हणजे मेण अडकत नसे.

पुढे आजीचे हात कापू लागले. सून वेनिंग चित्रं सुरेख काढायची, पण मेण ब्रशने लावायची. पडून पडून माझी तोटी बुजली.

"आई, ही टाकून देऊ?"

"आपली नात किनांती जमिनीवर पहिलं पाऊल ठेवील त्या दिवशी ठरवू. तिने उचलली नाही, तर खुशाल टाक."

तो दिवस आला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आठ महिन्यांच्या किनांतीने सात रंगांच्या चिकट भातावर पावलं टेकली. मग तिला कोंबड्यांच्या सजवलेल्या डालग्यात बसवलं. समोर वही, अंगठी, आरसा आणि मी. बाळ जे उचलेल, ते पुढे तिचं काम.

"आई, टोक डोळ्यात जाईल हो तिच्या!"

"अगं, बाळ आहे ते, फुगा नाही."

"आणि चांतिंग पायाने पुढे ढकलू नका, दिसतंय मला!"

सगळे हसले. किनांतीने अंगठी भिरकावली, आरशावर थाप मारली. माझा जीव वाटीत गोळा झाला. तेवढ्यात तिने मला मुठीत धरलं, तोंडाशी नेलं आणि... फू!

"बघितलंस? आपलं रक्त आहे, रक्त!" आजी ओरडली.

"रक्त कसलं! चमचा वाटला तिला. रोज पेज फुंकून भरवतं कोण?" वेनिंग म्हणाली, पण हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला चुलीपासून लांब, आजीच्या मांडीवर बसवून वेनिंगने मला गरम मेणात धरलं. काथ्याच्या तंतूने तोटी मोकळी केली. तिच्या बाजाराच्या चित्रातल्या बायांना अजून डोळे नव्हते. ब्रश जाड पडत होता. तिने फुंकर घातली, आणि एकेक डोळा मी काढला. रंग चढला, मेण उकळून गेलं, तशा त्या बाया टकमक बघू लागल्या!

मित्रांनो, तुमच्या घरातलं असं बुजलेलं काही टाकण्याआधी त्याला एकदा ऊब देऊन बघा. आणि काम झालं की माझी तोटी तेवढी साफ ठेवा. माझ्या पुढच्या मालकिणीला आत्ताशी दोनच दात आलेत.