राजकुमारच्या नावाचं रक्त

साहेब, भर दवाखान्यात रेणुकाच्या तोंडावर तिची सासू थुंकली, त्यातली अर्धी थुंकी तुमची आहे. सिकलसेलच्या शिबिरात तुम्ही हार घालून घेतले, फोटो काढून घेतले, आणि समोर आलेला दंड कोणाचा, हे मान वर करून पाहिलं नाही. "राजकुमार" असा पुकारा झाला, एक हात पुढे आला, तुम्ही सुई खुपसली. झालं तुमचं काम.

तो हात गोपालचा होता. राजकुमारच्या भाजीच्या गाडीवरचा ड्रायव्हर. खुद्द राजकुमार फाटकाबाहेर टपरीवर चहा ढोसत बसला होता.

रेणुकाला हे कुठून ठाऊक असणार? तिला लहानपणापासून सिकलसेल, आईबापाच्या रक्तातून येणारा आजार. थंडी पडली की मुसळानं कुटल्यासारखी हाडं दुखायची. तिच्या बापानं लग्नाआधी काही लपवलं नव्हतं. लग्नानंतर तिनं नवऱ्याला एकच अट घातली. "माह्यात तं हायच. तुमच्यातबी निघालं तं लेकराच्या वाट्याले हेच येईन. आधी तुमी रक्त तपासा, मंगच लेकरू."

राजकुमारला ते झोंबलं. बायको आजारी, हे गावाला मान्य होतं. तिला नांदवतो म्हणून त्याचं कौतुकच व्हायचं. आता त्याच्यातच खोट निघाली तर? म्हणून गोपाल. रिपोर्ट निरोगी आला तेव्हा ह्या माणसानं पेढे वाटले.

त्या कागदावर विसंबून रेणुका जिवावर उदार झाली. गरोदरपणात रक्त चढवावं लागलं, रात्र-रात्र कण्हत काढली. पोरगं झालं, चांगलं गुटगुटीत. आठव्या महिन्यात त्याचे हातपाय टम्म फुगले, बोट लावलं की किंचाळायचं. दुखणं कसलं, हे रेणुकाला कोणी सांगायची गरज नव्हती.

खामगावला डॉक्टरनं तपासण्या करून सगळ्यांना समोर बसवलं. "बाळाला सिकलसेल आहे. नुसत्या आईकडून हा आजार होत नाही, बापाकडूनही यावा लागतो." मग त्यानं राजकुमारचा जुना रिपोर्ट उलटापालटा केला. "पण वडील तर निरोगी..." पुढचं त्यानं गिळलं.

सासूनं, मनकर्णाबाईनं, ते बरोबर उचललं. "मंग हे कोणाचं पाप आणलं व रांडे, माह्या घरात?" आणि थुंकली.

रेणुकानं पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आता बोलतील. आता तरी बोलतील. राजकुमार भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होता.

म्हातारीची नजर दारात चावी फिरवत उभ्या असलेल्या गोपालवर गेली. "हाच असन! येता-जाता 'वयनी, चहा टाका, वयनी, चहा टाका.' लय गोड लागे ना बे चहा?"

गोपालची चावीच खाली पडली. "ओ मावशी, मले नका गुतवू! माह्यात सिकलसेल नाहीच. हा कागद माह्याच रक्ताचा हाय. राजूभाऊनं मले उभं केलं होतं शिबिरात, त्याइच्या नावानं!"

"खोटं बोलून राह्यला साला," राजकुमार तक्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

"मंग द्या ना रक्त," रेणुका म्हणाली. आवाज चढला नाही. "डाक्टर हायेत, सुई हाय. द्या हात."

डॉक्टरनं सिस्टरला हाक मारली. तोच मनकर्णाबाई लेकाच्या पुढ्यात उभी राहिली. तिला सगळं उमजलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "माह्या पोराले सुई लावाची नाही! त्याच्यात काई नाही. चाल रे राजू. हिले राहू दे इथंच, हिच्या लेकरासंगं."

सून छिनाल ठरली तर तिला चालणार होतं. लेकात खोट निघालेली चालणार नव्हती.

आणि राजकुमार उठला, साहेब. बाही खाली ओढून, बटण लावून, आईच्या मागं निघाला.

रेणुका दार अडवून उभी राहिली. कडेवरचं पोर रडून रडून निळं पडत होतं. व्हरांड्यातले पेशंट गोळा झाले होते. पाहू दे, तिला कोणाचीच लाज उरली नव्हती.

"मले हाकलाचं तं हाकला. पण आधी सांगून जा, या लेकराचा बाप कोण? आईकडं काऊन पाहून राह्यले? माह्याकडं पाहा. कोण हाय याचा बाप?"