न चुकणारा हात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढलाच, तर निदान तिथे उभं राहून घरच्या माणसाचं कौतुक करू नये. ही दुसरी अक्कल कटरच्या बायकोला दोन वर्षं उशिरा आली.

तिचा नवरा पिशव्यांच्या कारखान्यात चामडं कापायचा. मुकादमाने आणलेला माल एकदा त्याने सगळ्यांसमोर खराब ठरवला. मुकादमाला ते झोंबलं. तो लोखंडी कांब उगारून अंगावर धावला. नवऱ्याच्या हातात चामडं कापायची रापी होती. एकच वार झाला, तोही मानेवर. मुकादम जागीच गेला.

खटल्यात तिला बोलावलं होतं ते फक्त रापी ओळखायला. ओळखायची आणि गप्प बसायचं, एवढंच काम. पण सरकारी वकिलाने गोड आवाजात विचारलं, "हात चांगला बसलाय म्हणे त्यांचा?"

"म्हणजे काय! वीस वर्षांत एकदा चुकला नाही. जिथे ठरवतील तिथेच पातं पडणार."

जिभेला काय, हाड नसतं. पुढे नवऱ्याची पाळी आली. जीव वाचवायला मारलं, एवढं एकच तो घोकत राहिला. कोर्टाने ते मानलं नाही. न चुकणाऱ्या हाताने मान निवडली, म्हणजे जीवच घ्यायचा होता, असं निकालात आलं. जन्मठेप झाली.

आज अपिलाची सुनावणी होती. ती दिराशेजारी मागच्या बाकावर बसली. बाकाची एक फळी सैल होती, दीर हलला की तिला चिमटा बसायचा. समोर दोन न्यायाधीश होते. नवऱ्याच्या वकिलाने घसा साफ केला.

"आरोपीने मनगटावर नेम धरला होता, हातातली कांब पडावी म्हणून. मुकादम ऐन वेळी वाकला. वार चुकला."

तिने हे आज पहिल्यांदाच ऐकलं. तिने दिराकडे पाहिलं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

थोरल्या न्यायाधीशांनी पानं उलटली. "खालच्या कोर्टात आरोपीला बोलायला दिलं होतं. तेव्हा कुठे होता हा चुकलेला वार? आणि त्याची पत्नी तर म्हणते..." त्यांनी तिचं वाक्य वाचलं, गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं. दीर चपलांकडे बघत बसला. जेवणाच्या सुट्टीनंतर अपील फेटाळलं गेलं.

खाली जाळीपलीकडे तिला नवऱ्याची पाच मिनिटं भेट मिळाली.

"ते मनगटाचं खरं?"

"खरं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू आधीच सांगून बसली होतीस. भर कोर्टात तुला खोटं पाडू?"

"अहो, पाडायचं की! घरी भाजीतल्या मिठावरून उठता-बसता पाडता ना?"

"घरातलं वेगळं," तो म्हणाला.

तिला त्याचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. जाळी नसती तर तिने त्याला बडवला असता, आणि मग मिठी मारली असती. शिपाई म्हणाला, "चला बाई, वेळ झाली."