गॅलरीत राहिलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. गॅलरीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिथे ठेवले आहे. तुम्हाला खरे वाटणार नाही, पण एके काळी मला 'जिवंत दगड' म्हणत.

उथळ समुद्रात, मेलेल्या पोवळ्यांचे सांगाडे साचून मी घडलो. माझ्या छिद्राछिद्रांत पिसांसारखे पंख उघडणारे किडे राहत, इवले स्पंज राहत, आणि पाणी शुद्ध ठेवणारे, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवही. पुढे मी या घरातल्या काकूंच्या खाऱ्या पाण्याच्या, मासे पाळायच्या टाकीत आलो. पाहुण्यांना त्या आधी मला दाखवत. "हा आमच्या टाकीतला कर्ता पुरुष."

"मग मी कोण?" त्यांचे यजमान, म्हणजे काका, विचारत.

एकदा काकांनी हौसेने अंगठ्याएवढा ट्रिगर मासा आणला. मोठेपणी तो काय खातो, हे त्यांनी दुकानात विचारले नाही. तो वाढत गेला. त्याने गोगलगाई फोडल्या, खेकडा संपवला, मग केशरी माशांच्या जोडीमागे लागला. मादीची कुरतडलेली शेपटी पाहून काकू म्हणाल्या, "तुमच्या जावईबापूंना आता परत पाठवा."

"अगं, माझ्या हातून खातो तो!"

"उद्या बोटही खाईल. हा आत राहिला तर बाकीचे मरतील."

जाळी आली की तो माझ्या भेगेत शिरे आणि पाठीचा काटा उभारून घट्ट अडकून बसे. इतर दगड हलवून टाकी गढूळ झाली, तरी तो निघेना. शेवटी काकूंनी मला त्याच्यासकट उचलून बादलीत ठेवले. काका ओढू लागले.

"अहो, ओढू नका, काटा मोडेल त्याचा! दमाने घ्या."

बऱ्याच वेळाने काटा खाली गेला आणि तो निसटला. काकांनी मला बादलीतून काढून गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवले आणि त्याच बादलीतून मासा परत द्यायला ते दुकानात गेले.

ऊन सरकत माझ्यावर आले. पिसांसारखे पंख एकेक करून मिटले. काही किडे बाहेर पडून कागदावर आले आणि तिथेच वाळले. मला हाक मारता येत नाही. काका परतल्यावर आतून काकूंचा हसरा आवाज आला, "बघा, मादी जेवली आज!"

दुसऱ्या दिवशी पाणी निवळले, तेव्हा माझी रिकामी जागा दिसली. दोघे धावत आले.

"मला वाटलं, तू आत ठेवलास."

"मला वाटलं, तुम्ही."

काका मला घाईने टाकीकडे नेऊ लागले. काकूंनी मला हुंगले आणि त्यांचा हात धरला.

"नका. आतलं सगळं कुजतंय. हा आत राहिला तर बाकीचे मरतील."

हे शब्द मी आधी ऐकले होते.

मित्रांनो, त्या माशावर माझा राग नाही. त्याने माझ्या अंगावरचे जे ओरबाडले, ते पुन्हा उगवत होते. घरात कोणताही जीव आणण्याआधी तो मोठेपणी काय खाईल, हे विचारा. आणि त्याला घालवण्याची वेळ आलीच, तर त्या घाईत आपल्या हातून आणखी कोण बाहेर राहिले, ते एकदा वळून बघा.

दार लावताना काका मला पायाने सरकवतात. काकू मात्र वाकून मला दोन्ही हातांनी उचलतात आणि हळूच खाली ठेवतात, जणू मी अजून ओलाच आहे.